करडं कोण नेतंय ते आधी बघा, फासकी नंतर

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार.

आम्ही मूळचे फलटणचे. तीन वर्षांपूर्वी टेक्सासात बँडेरा काउंटीत बावीस एकर जागा घेतली. नोकरी घरूनच करतो, आणि हौस म्हणून सुरू केलेल्या बोअर शेळ्या आता चौतीस झाल्यात. या मार्चमध्ये तीन आठवड्यांत पाच करडं गेली. दोन अर्धवट खाल्लेली सापडली, तीन गायबच. रात्री कायोटींची (इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) कोल्हेकुई ऐकू येते. शेजारी एक म्हातारे रँचर आहेत, त्यांच्या घरात चौथी पिढी मेंढ्या पाळतेय. त्यांनी केबलच्या अठरा फासक्या आणून दिल्या आणि म्हणाले, कुंपणाच्या कडेनं टांग, महिन्यात सुटशील.

माझी बायको माळकरी घरातली. ती म्हणते, गळफास लावून जीव घ्यायचा असेल तर शेळ्याच विकून टाका. आठवडा झाला, घरात कामापुरतंच बोलणं चालू आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, घरी एक लॅब्रॅडॉर आहे. फासक्या लावू का? कायद्यात बसतं का? आणि खरंच उपयोग होतो का?

उत्तर

नमस्कार.

पाच करडं म्हणजे काय, ते ज्यानं रात्री दोन वाजता टॉर्च धरून शेळीचं बाळंतपण केलंय त्यालाच कळतं. सकाळी शेळी ओरडत कुंपणाकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. कास भरून दुखत असते आणि प्यायला कुणी नसतं. त्या आवाजात माणूस काहीही लावायला तयार होतो. तुम्ही लावायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

अठरा फासक्या लावू नका. कदाचित एक किंवा दोन लावायची वेळ येईल, पण ती पुढची गोष्ट. त्याआधी करडं नेमकी कोण नेतंय आणि कुठून येतंय, हे दोन प्रश्न सुटायला हवेत. आज तुमच्याकडे दोन्हींचं उत्तर नाही. कोल्हेकुई हा पुरावा नाही. तुमच्या या डोंगराळ भागात, हिल कंट्रीत, कायोटी सगळीकडेच ओरडतात, ज्यांची एकही शेळी गेलेली नाही त्यांच्याकडेसुद्धा.

पुढचं करडू मेलेलं मिळालं (मिळू नये, पण मिळालं) तर पुरायची घाई करू नका. हातमोजे घाला, धारदार सुरी घ्या आणि जबड्याखालून छातीपर्यंत कातडं सोलून मागे ओढा. वरून बघून काहीच कळत नाही, केसांत सगळं लपतं. कातडं उलटलं की आतली बाजू बोलते. गळ्याशी काळपट लाल रक्त साकळलेलं असेल आणि त्यात दातांची भोकं असतील, तर चावा जिवंतपणी बसलाय. भोकं आहेत पण रक्त साकळलेलं नाही, मांस फिकट आहे, तर करडू आधीच मेलं होतं आणि कुणीतरी नंतर येऊन खाल्लं. कायोटी मोठ्या जनावराला बहुधा घशाखाली धरतो आणि श्वास कोंडून मारतो. अगदी लहान करडाला तो डोक्यात किंवा मानेवर चावतो आणि पुष्कळदा अख्खं उचलून नेतो. तुमची तीन गायब झाली ती अशी गेली असू शकतात. त्याच्या वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर साधारण सव्वा इंच भरतं. बॉबकॅटचं, म्हणजे इथल्या रानमांजराचं, त्याहून कमी, पाऊण ते एक इंच, आणि त्याच्या नखांचे बारीक ओरखडे खांद्यावर दिसतात. खाऊन उरलेलं तो पालापाचोळ्यानं झाकूनही ठेवतो.

कुत्र्याचे सुळे कायोटीइतकेच असतात, म्हणून तिथे अंतर मोजून भागत नाही. कामाची पद्धत बघावी लागते. कुत्री मागच्या मांड्या, कान, शेपूट, जे तोंडात येईल ते फाडतात. एका रात्रीत तीन-चार जनावरं लोळवतात आणि खातात फार थोडं. तुमच्या भागात बावीस-बावीस एकरांचे तुकडे झालेत, प्रत्येक घरात दोन कुत्री आहेत आणि बरीचशी रात्री मोकळी असतात. माझ्याकडे 'कायोटीनं मारली' म्हणून आणलेल्या शेळ्यांत कुत्र्यांनी मारलेल्या किती निघाल्या, हे मालकांना सांगताना जड जातं, कारण तो कुत्रा कुणाचा हे त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.

काळी गिधाडंही विसरू नका. शेळी विताना ती झाडावर बसून वाट बघतात आणि करडाचे डोळे, जीभ, बेंबी यांवर चोच मारतात. ती स्थलांतरी पक्ष्यांच्या संघराज्य कायद्याखाली येतात, परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. रानडुक्करही नुकतं जन्मलेलं करडू खातं, आणि मग मागे काहीच उरत नाही.

अजून एक शंका, जी विचारायला मलाही आवडत नाही: ती करडं जिवंत जन्मली होती ना? जन्मताना करडाच्या खुरांच्या टोकांना पांढरट, मऊ, रबरासारखं आवरण असतं. उभं राहून चार पावलं टाकली की ते झिजतं. ते जसंच्या तसं असेल तर करडू चाललंच नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून बघा. तरंगला तर त्यानं श्वास घेतला होता, बुडाला तर नाही. पोटात दूध आहे का तेही बघा. थंडीच्या रात्री उपाशी गेलेलं करडू सकाळी कायोटीनं खाल्लेलं दिसतं आणि आळ त्याच्यावर जातो. तसं असेल तर तुम्हाला फासकीपेक्षा गर्भार शेळ्यांचा चारा आणि विण्याची जागा आधी सुधारायला लागेल.

आता दुसरा प्रश्न, कुठून. ऊन उतरल्यावर कुंपणाच्या बाहेरच्या बाजूनं पूर्ण फेरी मारा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन. कायोटी उडी मारू शकतो, पण त्याला खालून जायला आवडतं. जाळीच्या तारेखाली एखाद्या जागी माती घासून गुळगुळीत झालेली दिसेल, बशीसारखा खोलगट खळगा. तिथे गुडघे टेकून बसा आणि जाळीच्या सगळ्यात खालच्या तारेकडे अगदी जवळून बघा. तारेच्या पिळात केस अडकलेले असतात. मुळाशी करडे, मध्ये फिकट, टोकाला काळे असे पट्टे असलेले केस कायोटीचे असण्याची शक्यता आहे. राठ, जाड, टोकाला फाटलेले केस डुकराचे. पोकळ, ठिसूळ, बोटात दुमडले की मोडणारे केस हरणाचे. हरणंही खालून जातात, पाडसं तर हमखास. मातीत ठसा मिळाला तर कायोटीचा लांबट, सुमारे अडीच इंचांचा, पुढची दोन नखं जवळजवळ. कुत्र्याचा गोल आणि पसरट. समोर तीन-चार रात्री ट्रेल कॅमेरा (काही हललं की आपोआप फोटो काढणारा) बांधा. पाणवठ्याजवळ आणि ओढ्याला लागून असलेल्या कोपऱ्यात जास्त बघा. बावीस एकरांच्या कुंपणात खरोखर वापरातल्या अशा जागा दोन-तीनच निघतात. अठरा तर नाहीच.

शेजारच्या आजोबांना कमी लेखू नका. तुम्ही राहता तो एडवर्ड्स पठाराचा भाग. शेळ्या-मेंढ्यांत टेक्सास देशात पहिला आहे तो याच पट्ट्याच्या जोरावर. जाळीचं कुंपण, फासकी, शिकारी यांच्या जोरावर त्यांच्या आज्या-पणज्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथून कायोटी जवळपास हाकलले होते. त्यांना जे येतं ते तुम्हाला-मला पुस्तकातून येणार नाही. पण ते ज्या रँचवर शिकले तिथे मैलभर घर नव्हतं, नऊ वर्षांची मुलगी खेळत नव्हती, पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा फिरायला येत नव्हता. तुमची जमीन वेगळी आहे.

फासकी म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही ती हातात घेतली असेल पण कामाला लागलेली पाहिली नसेल. आमच्या रत्नागिरीत फासकी म्हणतात, घाटावर फास. इथली असते ती विमानात वापरतात तसल्या पिळाच्या पोलादी दोराची, तीन-बत्तिसांश इंच जाडीच्या आसपास. एका टोकाला सरकतं लॉक, त्यातून दोर फिरून गोल फासा झालेला. जनावर डोकं घालून पुढे जातं, फासा ओढला जातो, लॉक मागे सरकत नाही. इतकंच यंत्र. ना स्प्रिंग, ना दात. म्हणून स्वस्त आणि हलकी, आणि म्हणूनच एका दुपारी अठरा टांगता येतात.

पण त्यातही फरक असतो, आणि तो फरक म्हणजे जिवंत आणि मेलेलं यांच्यातला फरक. ताण सुटला की सैल होणारं लॉक, दोराला पीळ बसू नये म्हणून फिरकी, फासा अडीच इंचांच्या आत आवळू नये म्हणून चेपलेला स्टॉप, आणि हरीण किंवा वासरू जोरानं ओढलं तर उघडून सुटणारा ब्रेकअवे आकडा. हे सगळं असेल आणि आजूबाजूला गुंडाळायला खांब, झुडूप, कुंपण काही नसेल, तर जनावर बांधलेल्या कुत्र्यासारखं जिवंत राहू शकतं. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत जनावर जिवंत धरण्यासाठी फक्त अशाच बनावटीला परवानगी आहे आणि तिला नावही वेगळं, केबल रिस्ट्रेंट. कुंपणाच्याच तारेला टांगलेल्या फासकीत मात्र जनावर जाळीत गुरफटतं आणि गळफास बसून मरतं. कधी पटकन, कधी नाही. आजोबांनी दिलेल्या अठरांवर स्टॉप आणि ब्रेकअवे आहे का, बघा. जुन्या, शेडच्या खिळ्यावर वर्षानुवर्षं लटकलेल्या फासक्यांवर बहुधा नसतो.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या काजूच्या बागेत, गडग्याच्या खिंडारात, काकांनी डुकरासाठी मोटारसायकलच्या क्लचवायरची फासकी लावली होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हाच, पण भुईमूग उपटून टाकणाऱ्या डुकरापुढे कायदा कुणाला आठवतो. सकाळी त्यात बिबट्या होता. तार कमरेला बसलेली. त्यानं भोवतालची जमीन गोल उकरून काढली होती, अगदी भाजावळीनंतर नांगरल्यासारखी, आणि पंजा पोहोचेल तिथवर काजूच्या खोडाची साल निघाली होती. वनखात्याची गाडी यायला दुपार झाली. तोवर तो गप्प झाला होता. काका दिवसभर एकच वाक्य म्हणत होते, "डुकरासाठी लावली होती रे." मी जनावरांची डॉक्टर झाले त्याची पुष्कळ कारणं आहेत, पण हे एक आहे.

इथे टेक्सासात आल्यावर तीच तार मला दुसऱ्या टोकाकडून दिसली. एका शेळीपालकाचा ग्रेट पिरेनीज, पांढराशुभ्र राखणदार कुत्रा, मालकाच्याच फासकीत रात्रभर अडकला. सकाळी आणला तेव्हा डोकं भोपळ्याएवढं सुजलेलं, आणि तार दिसतच नव्हती, इतकी ती मानेच्या दाट केसांत रुतली होती. घरची पक्कड त्या दोरावर चालत नाही, पिळाचा एकेक धागा निसटतो. खास केबल कापायची कात्री लागते. आम्ही कापली, सूज उतरली, तो शेपूट हलवत घरी गेला. पाचव्या दिवशी मानेभोवतीचं कातडं पट्ट्यासारखं काळं पडून सुटायला लागलं. दाबानं मेलेलं मांस लगेच दिसत नाही, दिवसांनी दिसतं. म्हणून तुमच्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत कधी असं झालंच, तर तो हसताखेळता दिसला तरी आठवडाभर मान रोज चाचपून बघा आणि डॉक्टरला दाखवा.

कायद्याचं विचारलंत. टेक्सासात कायोटीला संरक्षण नाही, बंद हंगाम नाही. जनावरांवर हल्ला करणारा किंवा नुकताच केलेला कायोटी मारायला जमीनमालकाला शिकारीचा परवानाही लागत नाही. तुमच्या जमिनीवर फासकी लावणं बेकायदा नाही. फरसाठी धरायच्या प्राण्यांचे सापळे दर ३६ तासांत तपासायलाच हवेत असा इथला नियम आहे, आणि कायोटी त्या प्राण्यांच्या यादीत नाही. पण कायद्यानं मोकळीक दिली म्हणून जनावर दोन दिवस लटकत ठेवायचं नसतं. तुम्ही रोज पहाटे बघायचं, ऊन चढायच्या आत. जमणार नसेल त्या दिवशी फासकी काढून ठेवायची. आणि जिवंत कायोटी पकडून गाडीत घालून दूर सोडायचा विचार वहिनींच्या मनात आला असेल तर तो मात्र बेकायदा आहे. १९८८ पासून दक्षिण टेक्सासात कायोटींमध्ये रेबीजची मोठी साथ आली होती. १९९५ पासून विमानांतून लस भरलेली आमिषं टाकून ती आटोक्यात आणली, आणि तेव्हापासून कायोटी इकडून तिकडे नेण्यावर बंदी आहे. म्हणूनच सोलताना हातमोजे म्हटलं. लॅब्रॅडॉरची रेबीजची लस चालू आहे ना, आजच बघा.

दुसऱ्या राज्यांतले वाचक हे वाचून फासक्या आणायला जाऊ नका. कोलोरॅडोत १९९६ च्या मतदानानं सापळे, फासक्या आणि विष यांवर बंदी आली, थोडे अपवाद ठेवून. वॉशिंग्टन राज्यात २००० साली तसंच झालं. न्यू मेक्सिकोत २०१८ साली रॉक्सी नावाची कुत्री मालकाबरोबर फिरायला गेलेली असताना सार्वजनिक जमिनीवरच्या फासकीत त्याच्या डोळ्यांदेखत मेली. २०२१ च्या कायद्याला तिचंच नाव मिळालं, आणि आता तिथे सार्वजनिक जमिनीवर फासकी लावता येत नाही.

उपयोग होतो का? ज्या एका कायोटीला करडांची चटक लागलीय तो त्या खळग्यातून येत असेल आणि फासकी त्याच खळग्यात असेल, तर होतो, आणि लगेच होतो. सरसकट कुंपणभर टांगून 'कायोटी कमी करणं' हे मात्र होत नाही. कॉनॉली आणि लाँगहर्स्ट या दोघांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७५ मध्ये गणित मांडलं होतं. दरवर्षी सुमारे ७५ टक्के कायोटी मारले, आणि वर्षानुवर्षं मारत राहिलं, तरच त्यांची संख्या ढासळते. त्याहून कमी मारले तर उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, बाहेरचे तरुण येऊन जागा धरतात. संघराज्य सरकारची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त कायोटी मारते, आणि तरीही एकेकाळी पश्चिमेच्या माळरानापुरता असलेला हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे.

उत्तर कॅलिफोर्नियात हॉपलंडच्या संशोधन केंद्रावर मेंढ्या आणि कायोटी दोन्हींचा माग काढून जे दिसलं ते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. मेंढ्या मारणारे बहुतेक त्या जागेवर ठाण मांडलेले, पिल्लं काढणारे नर-मादी होते. इकडेतिकडे भटकणारे तरुण नव्हेत. कायोटीचा माज जानेवारी-फेब्रुवारीत, साधारण नऊ आठवड्यांनी पिल्लं. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये मादी गाभण किंवा व्यालेली, आणि तुमच्या शेळ्याही त्याच वेळी व्यालेल्या. याची दुसरी बाजूही बघा. जी जोडी उंदीर, ससे, प्रिकली पेअर निवडुंगाची फळं खाऊन राहते आणि शेळीकडे बघत नाही, ती तुमची राखणदारच, कारण ती दुसऱ्या कायोटीला आत येऊ देत नाही. अठरा फासक्यांतली एक जर तिला लागली, तर रिकाम्या जागी कोण येईल ते तुमच्या हातात नाही.

मग काय करायचं? आज रात्रीपासून व्यालेल्या आणि विणाऱ्या शेळ्या घराजवळ कोंडा. फलटणच्या माळावर धनगराचा तळ पाहिला असेल तुम्ही. मेंढरं आत, भोवती वाघर, दाराशी कुत्री. तेच करायचं, फक्त वाघरीच्या जागी गोठ्याजवळ घट्ट जाळी. विजेची जाळीही मिळते, पण शिंगं असलेल्या बोअर त्यात अडकतात, म्हणून त्यांना आधी दिवसा ओळख करून द्या. सहा आठवड्यांचं होईपर्यंत करडू रात्री बाहेर नाही. पाचपैकी बहुतेक करडं एवढ्यानं वाचली असती असं मला वाटतं, आणि तुम्हाला बोलावं म्हणून हे म्हणत नाही. शेळी व्याली की जार (वार) लगेच उचला, पिशवीत घाला, लांब पुरा. मेलेलं जनावर ओढ्यात नेऊन टाकायची इथली सवय मोडा. आयत्या मिळालेल्या मेलेल्या जनावरावरूनही कायोटीला करडाची चव लागू शकते.

कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर, विजेची एक तार काढा. खालून घुसणाऱ्याच्या नाकाला ती लागते आणि नाकाला बसलेला झटका कायोटी विसरत नाही. तुमच्याकडची जमीन चुनखडीची आणि कोरडी, तिथे अर्थिंग धड होत नाही आणि लोक म्हणतात तार निकामी आहे. एक नाही, तीन-चार अर्थिंगचे रॉड ठोका, आणि पावसानंतर तारेला टेकलेलं गवत कापा. सापडलेले खळगे दगडांनी नव्हे, जाळीचा तुकडा जमिनीवर आडवा पसरून, तारेनं बांधून बंद करा. दगड तो एका रात्रीत काढतो.

राखणदार कुत्रा घ्यायचा असेल तर पिरेनीज, अनातोलियन किंवा अकबाश, शेळ्यांतच वाढलेला आणि शक्यतो मोठा झालेला. पिल्लू घेतलं तर ते कामाचं व्हायला दीड-दोन वर्षं जातात, आणि तेवढा काळ तेही करडांशी दंगा करून एखादं मारतं. दोन असतील तर उत्तम. सॅन अँजेलोला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात या कुत्र्यांवरच काम चालतं, त्यांना फोन करा. गाढवीण ठेवायची असेल तर एकटीच ठेवा, नर नको, आणि शेळ्यांच्या खुराकात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं नाही ना हे पोत्यावर वाचा. शेळीला ते चालतं, गाढवाला ते विष आहे. आणि राखणदार कुत्रा आला त्या दिवसापासून तुमच्या जमिनीवर फासकी नाही. एकही नाही. दोन्ही एकत्र ठेवणारे मी पाहिलेत, आणि त्यांची कुत्रीही पाहिलीत.

हे सगळं करूनही एखादा कायोटी दिवसाउजेडी येऊन करडू नेत असेल, गळ्याच्या खुणा त्याच्याच असतील, कॅमेऱ्यात तो त्याच खळग्यातून येताना दिसत असेल, तर काउंटीच्या ॲग्रिलाइफ विस्तार कार्यालयात (त्याच विद्यापीठाची शेती विस्तार सेवा) जाऊन वाइल्डलाइफ सर्व्हिसेसच्या ट्रॅपरबद्दल, म्हणजे सापळे लावणाऱ्या माणसाबद्दल, विचारा. नाहीतर आजोबांनाच शेजारी उभं करून एक फासकी लावा, स्टॉप आणि ब्रेकअवे असलेली. लॅब्रॅडॉर घरात. मुलीला ती जागा प्रत्यक्ष दाखवा, लपवू नका. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. केबल कापायची कात्री गाडीत. आणि त्याआधी स्वतःला विचारा: पहाटे सहाला तो जिवंत, माझ्याकडे बघत उभा असेल, तर मी दहा फुटांवरून एकाच गोळीत त्याला संपवू शकेन का? उत्तर 'बघू' असेल तर फासकी लावू नका. ज्याचा हात तिथे थरथरणार आहे त्यानं तार टांगून ते काम रात्रीवर ढकलायचं नसतं.

वहिनींचं. त्यांचा प्रश्न भाबडा नाही, आणि तुम्हीही निर्दय नाही. बोअर ही मटणाची जात, तुमचे बोकड लिलावाला जातात, म्हणजे मरण तुमच्या अंगणात आधीपासून आहे आणि वहिनींना ते माहीत आहे. मला वाटतं त्यांची तक्रार मरणाबद्दल नसून रात्रभर तारेत तडफडण्याबद्दल आहे, आणि ते तुम्ही न विचारता ठरवलंत याबद्दल आहे. मी अंदाज करतेय. तुम्ही त्यांनाच विचारा. कुंपणाची फेरी दोघं मिळून मारा. त्यांना त्या खालच्या तारेतले केस दाखवा. माळकरी घरातली माणसं जनावराला घाबरत नाहीत, त्यांना नुसतं कुणी काही न सांगता अंधारात ठेवलेलं चालत नाही. शेळ्या विकायचा निर्णय आठवडाभराच्या अबोल्यात घेऊ नका, विण्याचा हंगाम संपू द्या.

पुढच्या पत्रात मला तीन फोटो पाठवा: खळग्याचा, त्या तारेतल्या केसांचा, आणि दुर्दैवानं करडू मिळालंच तर सोललेल्या मानेचा, शेजारी मोजायची टेप ठेवून. ट्रेल कॅमेऱ्यात कुत्रा दिसला तर मालकाकडे भांडायला जाण्याआधी मला कळवा. फासक्या तोवर आजोबांना परत द्या. कारण सांगा, ते समजून घेतील, आणि कुंपणाची फेरी मारायला त्यांनाच बरोबर चला म्हणा. कुठल्या कोपऱ्यातून येतो ते त्यांना बहुधा आत्ताच माहीत असेल.